माहेर शंभर किलोमीटरवर

मैत्रिणींनो, मूर्तिजापूरच्या एका भगिनीचं पत्र गेले तीन आठवडे माझ्या टेबलावर पडून आहे. उत्तर द्यायला उशीर झाला, त्याबद्दल आधी त्यांची माफी मागते. त्यांची शाळेतली मैत्रीण जर्मनीत आहे आणि कित्येक वर्षांपासून बोलावते आहे. यजमान आता निवृत्त झाले, तेव्हा पंधरा-वीस दिवस जाऊन यावं असं घरात चाललं आहे. बरोबर काय न्यावं, दुसऱ्याच्या घरी इतके दिवस कसं राहावं, असं सगळं त्यांनी विचारलं आहे, आणि शेवटी लिहिलं आहे, "ह्यांना मोटारींचं भारी वेड. तिथलं मोटारींचं संग्रहालय पाहायचंच म्हणतात. मला त्यात काडीचाही रस नाही. तो दिवस मी मैत्रिणीकडे घरी बसून काढला तर चालेल ना?"

नाही हो, चालणार नाही! का, ते पुढे सांगते. हेच सगळं आम्ही दोघांनी गेल्या उन्हाळ्यात केलं, म्हणून हे उत्तर जरा ऐसपैस होणार आहे.

माझी मैत्रीण अकोल्याची. आम्ही एका बाकावर बसून शिकलो, एका डब्यात जेवलो. लग्नानंतर ती यजमानांबरोबर श्टुटगार्टजवळ एसलिंगन नावाच्या गावी गेली आणि मी अमरावतीत आले. श्टुटगार्ट आणि मुंबई १९६८ पासून एकमेकींच्या भगिनी-नगरी आहेत म्हणे. आम्हा दोघींचं नातं त्याच्याही थोडं आधीचं.

आधी कागदपत्रांचं सांगते, कारण ते कंटाळवाणं आहे. या व्हिसावर १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. प्रवासातल्या आजारपणाचा निदान ३०,००० युरोंचा विमा लागतो. कुणाच्या घरी उतरणार असाल तर त्या घरच्यांचं पत्र लागतं, ते त्यांच्याकडून वेळेवर मागवून घ्या. झालं.

आता सामान. मैत्रिणीने फोनवर यादी दिली तिच्यात पहिलं नाव साजुक तुपाचं आणि दुसरं कढीपत्त्याचं! दोन्ही गोष्टी नेता येत नाहीत. मांस आणि दूध-दुभत्याचे पदार्थ बाहेरच्या देशातून तिथे न्यायला बंदी आहे. ताजी फळं, भाज्या, पानं यांना प्रमाणपत्र लागतं. केळी, नारळ, खजूर, अननस असली मोजकी फळं तेवढी सुटतात. उगाच चोरून नेऊ नका, विमानतळावर सगळ्यांदेखत पिशवी रिकामी करायची पाळी येते. मी नेलं ते असं: मूगवड्या, ज्वारीचे पापड, कुरडया, जवसाची चटणी, वाळवलेली अंबाडी आणि घरचं तिखट. तिखट दुहेरी पिशवीत बांधा. नाही तर साड्यांना ठसका लागतो.

आमची मुंबईची गाडी अकोल्यावरून जाते. मैत्रिणीची धाकटी बहीण रात्री फलाटावर उभी होती. गाडी थांबते तेवढ्या वेळात तिने खिडकीतून एक पुडकं दिलं. त्यात त्यांच्या आईच्या जुन्या लुगड्याची शिवलेली गोधडी होती. वजनाची मर्यादा आधीच गाठलेली, म्हणून ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी ह्यांचे दोन स्वेटर काढून भाच्याकडे परत पाठवले. गोधडी गेली.

तिच्याकडे पोचलो तेव्हा ती दारातच म्हणाली, "काय वं, इतकी कशी वाळली तू?" जर्मनीत पंचेचाळीस वर्षं काढून बाईची बोली जशीच्या तशी! पुढचे वीस दिवस आम्ही "काऊन" नि "कायले"शिवाय एक वाक्य बोललो नाही.

दुसऱ्याच्या घरी राहायचं तर त्या घराची शिस्त पहिल्या दिवशीच विचारून घ्यावी. तिथे रात्री दहा ते सकाळी सहा आवाज करायचा नाही. रविवारी तर दिवसभर शांतता पाळायची, म्हणजे मिक्सरवर चटणी वाटायची ती शनिवारीच. दुकानंही रविवारी बंद. कचऱ्याचे डबे वेगवेगळे: कागदाचा निराळा, भाजीच्या सालींचा निराळा. रिकामी बाटली फेकायची नाही, दुकानात परत केली की अनामत मिळते. आणि त्या भागाची खास गंमत म्हणजे 'केअरवोखं', झाडण्याचा आठवडा. इमारतीतल्या बिऱ्हाडांनी जिना झाडण्या-पुसण्याची पाळी वाटून घ्यायची. ज्याचा आठवडा त्याच्या दारावर पाटी लागते. आम्ही गेलो त्याच आठवड्यात मैत्रिणीची पाळी होती. मी फडकं हातात घेतलं तर ती नको नको म्हणाली, पण मी जिना पुसलाच. त्या दिवसापासून शेजारच्या आजीबाई मला रोज हसून नमस्कार करायच्या. पाहुणी म्हणून गेलात तरी एक काम आपल्याकडे घ्या, आणि तीन-चार दिवसांनी वाण्याचं सामान आपल्या पैशांनी भरा. तेवढ्याने यजमानीणबाईंचा जीव हलका होतो.

एक दिवस रांधायचं आपल्याकडे घ्यावं, हेही ओघानं आलंच. मी पानगे आणि वांग्याची भाजी केली. पानगे ओव्हनमध्ये छान होतात, वरून करकरीत, आतून मऊ. पण ठेच्यासाठी मिरच्या तव्यावर टाकल्या आणि छतावरची धुराची घंटा अशी किंचाळायला लागली की ह्यांनी पायांत चपला घालून थेट जिना गाठला! तिथे घराघरात ही घंटा सक्तीची असते. तेव्हा मिरच्या भाजायच्या आधी खिडक्या उघडा आणि स्वयंपाकघराचं दार लावून घ्या. मैत्रिणीने त्या बदल्यात श्पेट्सलं करून खाऊ घातलं. पातळसर पिठाचे उकळत्या पाण्यात सोडलेले तुकडे, वरून चीज आणि तळलेला कांदा. पिठात अंडं असतं, न खाणाऱ्यांनी विचारून घ्यावं. मला आपली आमच्याकडच्या वरणफळांची आठवण झाली.

आता संग्रहालयाचं.

आमच्या ह्यांचं मोटारवेड सगळ्या गल्लीला ठाऊक. १९८५ साली आम्ही जुनी प्रीमियर पद्मिनी घेतली. गियर स्टिअरिंगलाच, थंडीत चोक ओढल्याशिवाय सुरू व्हायची नाही. रविवारी सकाळी हे तिला न्हाऊ-माखू घालायचे, तेवढं कौतुक पोरांच्याही वाट्याला आलं नाही. मीसुद्धा शिकले. लायसन्स काढलं. १९८७ मध्ये एकदा राजकमल चौकात गाडी मध्येच बंद पडली. मागे रिक्षा, सायकली, भोंगे. मी घाबरले. चोक की क्लच, काही सुचेना. हे बाजूला बसले होते. म्हणाले, "सरक." मी सरकले. ना भांडण, ना कुणी कुणाला लागेलसं बोललं. पण त्यानंतर किल्ली खुंटीवर गेली ती गेली. ह्यांनी पुन्हा कधी चालव म्हटलं नाही, मीही कधी मागितली नाही. लायसन्स कपाटात साड्यांखाली.

१९९४ च्या पावसाळ्यात एका रात्री शेजाऱ्यांकडे अकोल्याहून फोन आला, बाबांना बरं नाही, निघून ये. हे कामासाठी चंद्रपूरला गेलेले. पद्मिनी अंगणात उभी. टाकीत पेट्रोल होतं, मला माहीत होतं, कारण ते आदल्याच दिवशी भरलं होतं. खुंटीवरची किल्ली मी दोनदा काढून पाहिली आणि दोनदा परत लावली. पहाटे पहिली एस.टी. धरली. पोचले तेव्हा दारात माणसं जमली होती. बाबा साडेतीनला गेले होते. रात्रीच निघाले असते तर भेट झाली असती.

हे मी कुणाजवळ बोलले नव्हते. आईजवळही नाही.

तर श्टुटगार्टचं मर्सिडीज-बेंझचं संग्रहालय. पहिल्या खेपेला आम्ही उत्साहाने पोचलो तो सोमवार! सोमवारी ते बंद असतं. चूक आमचीच, म्हणून तुम्हाला आधीच सांगून ठेवते. मंगळवारी पुन्हा गेलो. एसलिंगनहून शहराच्या आगगाडीचं चौथं स्थानक, तिथून थोडं पायी. ही इमारत २००६ साली उघडली. नऊ मजले आणि १६० गाड्या. पण गुडघेदुखीवाल्यांनी भिऊ नये. लिफ्ट आपल्याला थेट सगळ्यांत वर नेऊन सोडते आणि मग गोल वळणाच्या उतारावरून हळूहळू खाली यायचं. जागोजागी बसायला जागा. कानाला लावायचं यंत्र मिळतं, ते सगळं सांगत जातं. लिफ्टमधून बाहेर पडलात की समोर मोटार नाहीच, पांढरा घोडा उभा! तिथल्या सम्राटाचा म्हणे घोड्यावरच विश्वास होता, मोटार म्हणजे चार दिवसांचं खूळ असं त्याला वाटे. आमच्या सासऱ्यांचं पद्मिनीबद्दल हेच मत होतं.

ह्यांच्यासाठी तो दिवस म्हणजे पंढरीची वारी. पंखासारखी दारं वर उघडणारी १९५४ ची गाडी पाहून तर ते तिच्याभोवती तीन प्रदक्षिणा घालून आले. मला एवढंच नवल वाटलं की 'मर्सिडीज' हे एका मुलीचं नाव आहे. येलिनेक नावाच्या एका व्यापाऱ्याने आपल्या लेकीचं नाव गाड्यांना दिलं आणि १९०२ मध्ये ते रीतसर नोंदवलं गेलं. 'बेंझ' हे नाव त्याला जोडलं गेलं ते १९२६ मध्ये, दोन कारखाने एक झाले तेव्हा.

या बेंझच्या बायकोची गोष्ट सांगायची म्हणून एवढं लिहिते आहे.

वरच्याच मजल्यावर एक तीनचाकी आहे. बसायला बाक, मागे मोठी दोन चाकं, पुढे एक, सुकाणूच्या जागी हातात धरायचा दांडा. सायकलरिक्षाची लांबची बहीणच म्हणा. कार्ल बेंझ यांनी २९ जानेवारी १८८६ रोजी या गाडीच्या पेटंटसाठी अर्ज केला, तो मोटारीचा जन्मदिवस मानतात. पण त्याच्या कितीतरी आधी कारखाना बुडायला आला होता आणि भागीदाराचा हिस्सा विकत घेतल्याशिवाय गत्यंतर नव्हतं, तेव्हा त्यांची वाग्दत्त वधू बेर्टा हिने लग्नात मिळायचा पैसा वडिलांकडून लग्नाआधीच मागून घेतला आणि कारखान्यात घातला. हुंडा या शब्दाची मला चीड आहे, पण इथे मुलीने तो स्वतः मागितला आणि स्वतःच्या अकलेने गुंतवला, हे निराळं.

गाडी तयार झाली, पण घ्यायला कुणी पुढे येईना. दोन-चार रस्ते फिरून घरी येणारं हे यंत्र लांबचा पल्ला गाठील यावर लोकांचा भरवसा नव्हता. १८८८ च्या ऑगस्टमध्ये एका पहाटे नवरा झोपेत असताना बेर्टाबाईंनी दोन्ही मुलांना, ऑयगेन आणि रिचर्डला, उठवलं, गाडी बाहेर काढली आणि मानहाइमहून फोर्टसहाइमचा रस्ता धरला. फोर्टसहाइम म्हणजे त्यांचं माहेर!

पुढचं ऐका. पेट्रोल पंप तेव्हा कुठले? व्हीसलोख गावात औषधांच्या दुकानात लिग्रॉईन मिळायचं, बायका ते कपड्यांवरचे डाग काढायला वापरत. बाईंनी ते घेऊन टाकीत ओतलं. ते दुकान जगातला पहिला पेट्रोल पंप म्हणून आजही मिरवतं. इंधनाची नळी तुंबली तेव्हा टोपीची पिन काढून साफ केली. एक तार उघडी पडली तिला मोज्याच्या बंधाने गुंडाळलं. साखळी लोहाराकडून नीट करून घेतली. उतारावर लाकडी ब्रेक झिजले तेव्हा चांभाराकडून त्यांना चामडं ठोकवून घेतलं, म्हणजे पुढे सगळ्या जगाने वापरलं ते ब्रेकचं अस्तर एका बाईने वाटेत उभ्या उभ्या शोधून काढलं. चढावर मुलांनी गाडी ढकलली. दिवस मावळता माहेरी पोचल्या आणि नवऱ्याला तार केली. परत आल्यावर त्यांनी सांगितलं की चढासाठी आणखी एक गियर हवा, आणि तो बसवला गेला. पिन, बंध, डाग काढायचं औषध: सगळा घरातल्या बाईच्या जवळचा ऐवज! आपल्याकडे साडीची पिन आहेच की.

मी ऐकत उभी होते. हे शेजारी पाटी वाचत होते. म्हणाले, "शंभरावर थोडे किलोमीटर. म्हणजे आपलं अमरावती-अकोलाच की गं."

मी काहीच बोलले नाही. बोलता आलं नाही. मैत्रिणीने माझ्याकडे पाहिलं आणि ह्यांना म्हणाली, "भावजी, तुम्ही व्हा पुढे, आम्ही बसतो थोडं."

तिथल्या बाकावर मी तिला १९९४ ची ती रात्र सांगितली. तिने मध्ये एकही शब्द घातला नाही. मग स्वतःचं सांगितलं. तिचे यजमान चाळिशीतच एकदा अंथरुणाला खिळले, इस्पितळ वीस किलोमीटरवर, आणि तोवर तिने स्टिअरिंगला हात लावलेला नव्हता. तिथे लायसन्स काढायचं म्हणजे प्रथमोपचाराचं शिक्षण, लेखी परीक्षा आणि शहराबाहेर, ऑटोबानवर नि अंधारात अशी तिन्ही प्रकारची शिकवणी. सगळं जर्मनमध्ये. ती पहिल्या खेपेला नापास झाली. दुसऱ्या खेपेलाही. "तिसऱ्या बारीले पास झाली मी. तुह्याजवळ तर लायसन्स होतं वं," एवढंच ती म्हणाली. रागाने नाही. पण लागायचं तिथे लागलं.

खाली कॉफी पिताना हे बराच वेळ गप्प होते. ह्यांना काचबिंदू आहे. डॉक्टरांनी रात्रीची आणि लांबची गाडी बंद करून दोन वर्षं झाली, तेव्हापासून आम्ही रोजंदारीवर ड्रायव्हर बोलावतो आणि तो मिळेल त्या दिवशी अकोल्याला आईकडे जातो. आई नव्वदीची आहे. कॉफी संपता संपता हे म्हणाले, "तेव्हा किल्ली खुंटीलाच होती, नाही का?"

आमच्यामागून, आम्हाला न विचारता, त्यांनी मैत्रिणीला विचारलं असणार. मी म्हटलं, "होती."

ते म्हणाले, "मी सरक म्हणायला नको होतं."

इतक्या वर्षांनी माणसाला एक वाक्य सापडतं!

परत आल्यावर मी जे केलं ते तुमच्यापैकी कुणाला उपयोगी पडेल म्हणून लिहिते. लायसन्सची मुदत संपून वर्षाहून अधिक काळ झाला असेल तर चालवण्याची परीक्षा पुन्हा द्यावी लागते. माझं तर संपून जमाना झाला होता, म्हणून सगळं पहिल्यापासून. शिकाऊ परवान्याचा अर्ज परिवहन खात्याच्या 'सारथी' संकेतस्थळावर भरायचा. चाळिशी उलटलेल्यांना डॉक्टरांच्या सहीचा नमुना १-अ जोडावा लागतो. शिकाऊ परवाना सहा महिने चालतो आणि तीस दिवसांनंतर पक्क्या परवान्याची परीक्षा देता येते. शिकताना शेजारी लायसन्सधारक माणूस हवा आणि गाडीवर लाल 'एल'. पंचावन्न वर्षं उलटल्यावर परवाना पाच-पाच वर्षांचाच मिळतो, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. नवऱ्याकडून मात्र शिकू नका! मी मोटार-शाळेत नाव घातलं. शिकवणारा मुलगा माझ्या नातवाएवढा. मला "आजी, ब्रेक" म्हणायचा, "सरक" कधी म्हणाला नाही.

पहिल्या परीक्षेत रिव्हर्स घेताना खांबाला लागले. दुसऱ्या खेपेला जमलं.

फेब्रुवारीत एका रविवारी सकाळी सातला आम्ही निघालो. आता आमचा रस्ता चांगला झाला आहे. २०२२ च्या जूनमध्ये याच रस्त्यावर लोणी ते माना दरम्यान ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत सलग घातला आणि त्याची गिनेस बुकात नोंद झाली. बडनेरा मागे पडेपर्यंत माझे तळहात ओले होते. पन्नासच्या वर काटा जाऊ दिला नाही, ट्रकवाले भोंगे वाजवून पुढे जात होते, जाऊ देत. हे मांडीवर हात ठेवून समोर बघत होते. एकदाच त्यांचा पाय नकळत ब्रेक दाबायला पुढे गेला, मग त्यांनी तो मागे घेतला. मूर्तिजापूरला चहा घेतला. तिथे आपल्या शकुंतलेचे अरुंद रूळ गवतात बुजत चाललेत, ते पाहून हे हळहळले. जर्मनीत असती तर पॉलिश करून मांडली असती म्हणाले. खरं आहे.

मूर्तिजापूरच्या भगिनींनो, तुमचं घर त्याच वाटेवर. पुढच्या वेळी पत्रात पत्ता सविस्तर लिहा, चहा तुमच्याकडे घेऊ. संग्रहालयात जा. मंगळवारी.

साडेनऊला अकोल्यात पोचलो. आई ओसरीवर बसली होती. तिला आता दूरचं नीट दिसत नाही. मी पाया पडले, हे पाया पडले. तिने माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि दाराकडे पाहून विचारलं, "ड्रायव्हरले चहा-पानी इचारलं काय वं?"